गाडीखाली

"हात दाखव बघू," नाना व्हिडिओ कॉलवर म्हणाले.

मी फोन गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवला होता. मागे माझी फोर्ड एफ-१५० पिकअप पुढून घोड्यांवर, म्हणजे जॅक स्टँडवर, चढवलेली, पुढची दोन्ही चाकं काढून बाजूला आडवी टाकलेली, आणि मी मोठ्या उत्साहाने सांगत होतो की जुना शॉकअप कसा निघाला, नवा कसा बसणार, गाडी पुढून अडीच इंच आणि मागून दीडेक इंच उचलणार वगैरे. इथे शनिवारची सकाळ, तिकडे दिवेलागण, मागून आईने लावलेल्या टीव्हीचा आवाज येत होता. नाना ऐकतायत की नाही तेच कळेना. आणि मग मधेच हे, हात दाखव. मी दाखवले. कोपरापर्यंत काळे, नखांत ग्रीस, अंगठ्याच्या बेचक्यात गंजाची लाल पूड चिकटलेली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नीट बघितले, "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला. आई जेवणाखाण्याचं विचारत राहिली, मी उत्तरं देत राहिलो, पण ते "बरं" काही डोक्यातून जाईना. रागावले असते तर समजलं असतं, हसले असते तरी समजलं असतं.

लहानपणी शाळेतून आलो की ते असेच हात बघायचे. आमच्याकडे टाटा ४०७ होती. ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आली, नानांनी त्यानंतर काही वर्षांनी सेकंडहँड घेतली, आणि पुढे घरातली शिक्षणं, बहिणीचं लग्न, विहिरीचं काम सगळं तिच्यावरच झालं. कांद्याच्या सीझनला लासलगाव, द्राक्षाच्या सीझनला रात्रीतून कसारा घाट उतरून वाशी. पासिंग किती आणि माल किती हे कोणी विचारायचं नाही, शेतकरी म्हणायचा अजून चार गोण्या टाका नाना, आणि नाना टाकायचे. त्याचा सगळा हिशेब शेवटी पाटे, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, चुकवायचे. मेन पाटा तुटायचा, सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकायचा, पाट्याचं टोक टांगून धरणाऱ्या शॅकलचे बुश खाऊन जायचे. मग नाना गाडीखाली. उन्हात, रस्त्याच्या कडेला, पाठीखाली गोणपाट टाकून, कधी कधी अर्धा दिवस. मला मात्र तिकडे फिरकायची बंदी होती. हाताला काळं दिसलं की विचारपूस व्हायची, गॅरेजवर गेला होतास का, पाना कोणी दिला हातात. एकदा मी खूपच हट्ट केला तेव्हा ते म्हणाले होते, मी हात खराब केलेत तेवढे बास झाले, ह्या घरात आता दुसऱ्या कोणी करायचे नाहीत. माझ्या शिक्षणामागे ही एवढीच गोष्ट होती, त्यांना डॉक्टर-इंजिनियरचं फार काही नव्हतं, मुलगा गाडीखाली जायला नको एवढंच होतं.

आणि मला तर तिथेच जायचं असायचं.

पिंपळगावच्या पुढे हायवेला एक पाटेवाले होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात भट्टी, जमीन तेल पिऊन पिऊन काळी आणि चिवट झालेली, चालताना चपलेला धरून ठेवायची. ट्रकचे पाटे खोलून मांडलेले असायचे, सगळ्यात लांब मेन पाटा, मग त्याहून तोकडा, मग त्याहून तोकडा. वजन वाहून वाहून बसलेला पाटा चाचा भट्टीत घालायचे, लालभडक झाला की चिमट्याने ओढून ऐरणीवर घ्यायचे, एक माणूस घण मारायचा आणि चाचा दर घावाला पाटा बोटभर पुढे सरकवायचे. त्या सरकवण्यात सगळं कसब होतं, घण मारणारा नुसती ताकद लावायचा, गोलाई चाचांच्या मनगटात होती. मग पाटा पाजायचा, म्हणजे तापलेला तसाच तेलात बुडवायचा, त्याचा तो चर्रर्र आवाज आणि पाठोपाठ येणारा दाट, करपट धूर, डोळ्यात पाणी यायचं पण मी हलायचो नाही. नाना लांबून ओरडायचे, "मागं हो रे!" मी एक पाऊल मागे व्हायचो आणि तिथूनच बघायचो.

इथे डेट्रॉईटच्या आसपास राहायला आल्यावर पहिल्यांदा बघितलं की लोक शनिवार-रविवार हौसेने गाडीखाली असतात. वकील, शाळेतले मास्तर, बँकेतले मॅनेजर, कोणीही. अर्थात मजुरीही तशीच आहे, चांगल्या गॅरेजला ताशी शंभर डॉलरच्या वर मोजावे लागतात, त्यामुळे बरेच जण घरीच करतात, पण नुसते पैसे वाचवायचे म्हणून करतात असंही नाही. आमचे शेजारी आता रिटायर झालेत, सगळी नोकरी डिअरबॉर्नच्या ट्रक प्लँटमध्ये काढली, जिथे एफ-१५० बनते तिथेच. त्यांचं गॅरेज म्हणजे भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा मार्करने काढलेली, कुठला पाना जागेवर नाही ते लांबून दिसतं. मी लिफ्टचा, म्हणजे गाडी उंच करायचा, विषय काढला तेव्हा त्यांनी एकच विचारलं, कशासाठी. मी म्हणालो वर उत्तरेत कॅम्पिंगला जातो, ड्रमंड आयलंडच्या दगडी वाटा, सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्या, खालून घासते गाडी, शिवाय ह्या ट्रकचं नाक कंपनीतूनच जरा खाली असतं, मागे माल भरला की सरळ दिसावी म्हणून, ते मला समपातळीत आणायचंय. हे सगळं खरंच होतं. पण ह्या सगळ्याच्या तळाशी मला ते काम स्वतःच्या हाताने करायचं होतं, ते मी त्यांना बोललो नाही, त्यांना बहुतेक न बोलता कळलं असावं, कारण त्यांनी पुढे काहीच विचारलं नाही, फक्त स्वतःच्या घोड्या आणि मोठा टॉर्क रेंच, नट ठरलेल्या जोराने आवळला गेला की टक् करणारा पाना, आणून ठेवला.

पहिली लढाई गंजाशी. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून, आणि हे मीठ लांबून आणायलाही लागत नाही, डेट्रॉईट शहराच्याच पोटात हजारेक फूट खाली मिठाची खाण आहे, शंभर वर्षांहून जास्त जुनी. ह्या गाडीची बॉडी २०१५ च्या मॉडेलपासून अॅल्युमिनियमची, तिला काही होत नाही, वरून गाडी नवीकोरी दिसते. खाली वाका आणि बघा. फ्रेम पोलादाची, बोल्ट पोलादाचे, सगळ्यावर मिठाने केलेलं काम. आम्ही आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी एकेका बोल्टवर पेनिट्रेटिंग ऑइल मारत होतो. तरी स्वे बारच्या, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या, लिंकचा नट काही ऐकेना, टॉमीला लांब पाइप घालून दोघांनी जोर लावला तेव्हा तो आधी कर्रर्र असा किंचाळला आणि मग अचानक सुटला. गंजलेला नट सुटतानाचा तो क्षण हातातून थेट खांद्यापर्यंत येतो. ज्याने कधी अनुभवलाय त्याला सांगायला नको.

पुढचा शॉकअप ह्या गाडीला स्प्रिंगच्या आतच असतो, दोन्ही मिळून एकच नग. जुना नग खोलून त्यातली स्प्रिंग वापरायची तर ती आधी कॉम्प्रेसरने दाबून धरावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग म्हणजे शेकडो किलोचा जोर दोन हुकांवर तोललेला, हूक निसटला तर माणूस मरू शकतो, नुसतं म्हणायचं म्हणून नाही. मी त्या वाटेला गेलोच नाही, कंपनीने जोडून दिलेला पूर्ण नग घेतला, पैसे जास्त गेले तर गेले. टाय रॉड सोडवला, चाकाला फ्रेमशी जोडणाऱ्या वरच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवला, आणि चाक ज्यावर बसतं तो नकल बाहेर झुकताना ब्रेकच्या नळीवर आणि आतल्या अॅक्सलवर ताण येऊ नये म्हणून शेजाऱ्यांनी ते सगळं तारेने वर टांगून ठेवलं. वरचे तीन नट काढले आणि जुना नग हातात आला. जड, थंड, धुळीने माखलेला. ह्यानेच इतकी वर्षं आम्हाला खड्ड्यांतून नेलं. मी तो जरा वेळ मांडीवरच घेऊन बसलो होतो.

नवा नग बसवल्यावर आर्मचे बोल्ट शेजाऱ्यांनी हाताने फिरवून नुसते टेकवले आणि तसेच सोडले. म्हणाले, गाडी चाकांवर उभी राहिल्याशिवाय हे आवळायचे नाहीत. कारण असं की आर्मच्या टोकाला जो रबरी बुश असतो त्याचं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं, बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर जखडते आणि त्यापुढे आर्म जेवढा वरखाली होईल तेवढं रबर पिळलं जातं. चाक हवेत लोंबत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली टेकल्या टेकल्या ते रबर पिळून ठेवलेल्या धोतरासारखं होतं, आणि मग चोवीस तास तसंच राहतं, काही महिन्यांत फाटतं. म्हणून आधी वजन येऊ द्यायचं, मग घट्ट करायचं. ते हे सांगत होते आणि मला कानात चाचा ऐकू येत होते. पाट्यांची थप्पी अॅक्सलला बांधणारे नवे यू-बोल्ट टाकले की चाचा नानांना म्हणायचे, जा, माल भरके एक चक्कर मारके आ, फिर टाइट करता हूँ. लासलगावला कांदा टाकून येताना गाडी परत त्या शेडपाशी थांबायची आणि चाचा खाली जाऊन शेवटचा पीळ द्यायचे. दोन माणसं, मधे एवढं अंतर, एकमेकांचं तोंडही बघितलेलं नाही, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

मधल्या वारी नानांचा फोन आला. ते स्वतःहून फोन करत नाहीत, आईच करते.

"मागचं काय केलंस?"

मी म्हणालो अजून केलं नाही, दोन पर्याय आहेत, एक तर अॅक्सल आणि पाट्यांच्या मधे जास्त उंचीचा ठोकळा टाकायचा, सोपं काम आहे, नाहीतर पाट्यांच्या थप्पीत एक जादा पाटा घालायचा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग जे सुरू झाले ते थांबेनात. ठोकळा नको म्हणाले, ठोकळा जितका उंच तितका अॅक्सल पाट्यापासून लांब, आणि जोरात अॅक्सिलेटर दिला की अॅक्सल उलटा फिरायला बघतो, पाटा इंग्रजी एससारखा वळतो, चाक थडथडतं. गाडी किती पाट्यांची? मी कॅमेरा खाली धरला. त्यांना पटेना, एवढेच? आमच्या थप्पीच्या निम्मेसुद्धा नाहीत. मग टोकाला नेऊन दाखव म्हणाले, दुसऱ्या पाट्याचं टोक पहिल्याच्या डोळ्यावरून, म्हणजे टोकाच्या गोल वळशावरून, वळवलंय का? म्हणजे मेन पाटा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. पाटे मधे जाड आणि कडेला पातळ केलेत का? बोटांनी चाचपडून सांग. मी चाचपडत होतो, ते तिकडून विचारत होते, आणि इतक्या वर्षांत आमचं दोघांचं एवढं लांब बोलणं झालेलं मला आठवत नाही. आमचं फोनवर नेहमी हवा-पाणी-तब्येत असतं. माझं काम त्यांना कळत नाही आणि मी समजावून सांगायला गेलो तर ते मान हलवतात. इथे मात्र मी शिकाऊ होतो आणि ते मिस्त्री.

जादा पाटाच घातला. सेंटर बोल्ट काढायच्या आधी थप्पीला दोन्हीकडून सी-क्लँप लाव, नाहीतर पाटे उसळतात आणि बोटं जातात, हे त्यांनी मला तीन-तीनदा बजावलं. क्लँप हळूहळू सैल करताना पाटे एकमेकांपासून सुटले तेव्हा मधल्या जागेतून वर्षानुवर्षांची माती भुरभुर खाली आली, ओलसर, लोखंडाच्या वासाची. तो वास मी ओळखला. नाना घरी आल्यावर अंघोळीआधी त्यांच्या शर्टाला तोच वास असायचा.

ह्याचा आनंद व्हावा तसा मला झाला, पण त्यात एक सल आहेच. त्यांनी जे नाइलाजाने केलं ते मी हौसेने करतोय. माझ्या पाठीखाली चाकांची गादी आहे, डोक्यावर एलईडी आहे, कंटाळा आला की मी घरात जाऊन कॉफी पिऊ शकतो आणि सोमवारी ऑफिसला जाणारच आहे. त्यांना गाडी सकाळच्या आत उभी राहिली नाही तर माल सडायचा, भाडं जायचं, हप्ता थकायचा. ज्या कष्टातून त्यांनी मला ओढून बाहेर काढलं त्यातच मी पैसे खर्चून परत शिरलो, आणि वर त्यांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ते "बरं" बहुतेक तिथून आलं असणार. किंवा आपल्या मुलाने आपला धंदा खेळायला घेतला असं वाटलं असेल, किंवा अगदी उलट, की एवढं करूनसुद्धा ह्याच्या हातात तेच उतरलं. मी त्यांना विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत. पण एक मला ठामपणे वाटतं, त्या कामाला त्यांनी कमी लेखलं ते त्यातल्या हालांमुळे, कामामुळे नाही. कामावर त्यांचं प्रेम होतं, ते त्या पाट्यांबद्दलच्या प्रश्नांत मी ऐकलं.

गाडी उचलली तेव्हा छान दिसली, ते आहेच, पण उंची फुकट मिळत नाही. गुरुत्वमध्य वर गेला, वळणावर आता सावकाश जावं लागतं. अलाइनमेंट बाहेरून करून घ्यावीच लागली, कॅम्बर-टो, म्हणजे चाकांचे कोन, घरच्या घरी डोळ्याने जमणारी गोष्ट नाही. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जायला लागले, ते भिंतीसमोर गाडी लावून खाली केले. आणि ज्याने मला खरंच अस्वस्थ केलं ते बोनेट. अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ मध्ये अभ्यास मांडला, ज्या गाड्यांचं बोनेट चाळीस इंचांहून उंच असतं त्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता तीस इंच किंवा कमी उंचीच्या, उतरत्या बोनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त. माझ्या गाडीचं बोनेट मुळातच चाळिशीच्या वर होतं, मी त्यात भर घातली. बायकोने मुलीची खेळण्यातली लहान सायकल गाडीसमोर उभी केली आणि मला सीटवर बसवलं. सायकल दिसेना. ती मागे मागे सरकवत नेली, कितीतरी मागे गेल्यावर हँडलचं टोक दिसलं. त्याच आठवड्यात पुढे कॅमेरा बसवला, आणि गल्लीत मुलं खेळत असतील तर ही गाडी काढायचीच नाही असं घरात ठरवून टाकलंय. मोठ्या टायरांचा विचारही तिथेच सोडला. नानांना हे सांगितलं तर ते म्हणाले, आपल्याकडे तर आरटीओच पासिंग करणार नाही असल्या गाडीचं. खरंय, तिकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये असा बदल चालणार नाही. इथेही बंपर आणि फ्रेम किती उंच असावी ह्याला राज्याचे नियम आहेत, माझी गाडी त्यात बसते, पण ती सायकल बघितल्यापासून नुसतं नियमात बसणं मला पुरेसं वाटत नाही.

गाडी आता रिकामी असली की मागून खड्ड्यावर उडते. जादा पाट्याने ताठर झालीय. हे मी नानांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "माल काय भरतोस?" मी म्हणालो काय भरणार, तंबू, मुलीची सायकल, हिवाळ्यात चाकं घसरू नयेत म्हणून वाळूची पोती. त्यावर ते म्हणाले, "पाट्याला वजन लागतं. भरून बघ एकदा, मग यू-बोल्ट परत आवळ, तोवर काम झालं म्हणू नको."

किटसोबतच्या कागदावर पाचशेएक मैलांनंतर यू-बोल्ट तपासा असं लिहिलेलंच होतं, पण मी नानांचं ऐकलं. शेजाऱ्यांना घराच्या मागच्या नाल्यात टाकायला खडी हवीच होती. आम्ही जाऊन अर्धा यार्ड खडी भरून आणली, म्हणजे सहाशे किलोच्या आसपास, ह्या गाडीला झेपेल एवढी. लोडरने खडी ओतली तेव्हा गाडी मागून हळूहळू खाली बसली आणि पाटे सरळ होत गेले, ते मी बाजूला उकिडवा बसून बघितलं. येताना रस्त्याला गाडी कशी चालली म्हणून सांगू, न उडता, न डुलता, अगदी शहाण्या माणसासारखी. घरी आल्यावर खडी उतरवायच्या आधी नानांना फोन लावला, तिकडे रात्रीचे अकरा वाजून गेले होते तरी त्यांनी पहिल्या रिंगला उचलला. मी खाली गेलो, टॉर्क रेंच लावला. आठही नट फिरले, कुठला पाव फेरा, कुठला त्याहून जरा जास्त, आणि मग रेंच टक् झाला.

"झाले," मी म्हणालो.

"शॅकलचे बुश बघितले?"

"नाही अजून."

"मग बघ. बॅटरी घे हातात, आणि फोन जरा जवळ धर."